कळावे, लोभ असावा

आत्तीचं, म्हणजे माझ्या आत्याचं, पत्र आलं की आजी चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसायची आणि मला हाक मारायची. तिला अक्षर येत नव्हतं. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. निळ्या आंतर्देशीय पत्राची कड मी जपून फाडायचे, कारण आत्ती अगदी कडेपर्यंत लिहायची. एकदा घाईत फाडलं तर दोन ओळी दोन तुकड्यांत गेल्या आणि आजी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पत्रात नवं काही नसायचं. पाऊस नाही, म्हैस आटली, धाकट्याला गोवर येऊन गेला, आईच्या गुडघ्याला एरंडेल चोळत जा. शेवटची ओळ मात्र आजी दोनदा वाचायला लावायची. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती.’

त्याच वर्षी गावच्या सप्ताहात बुवांनी षड्रिपू सांगितले होते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मी आजीला विचारलं, "लोभ वाईट असतो ना? मग आत्ती दर पत्रात का मागते?"

आजी म्हणाली, "आगं, त्यो लोभ येगळा, ह्यो येगळा."

ते उत्तर मला पुष्कळ वर्षं पुरलं. आता पुरत नाही. आमच्या घरात गेल्या वीस वर्षांत जे झालं त्यात ह्यो कुठं संपला आणि त्यो कुठून सुरू झाला, हे मला सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव कृष्णाकाठचं, पलूसच्या बाजूला. काळी जमीन, ऊस आणि हळद. आत्तीला दिली आटपाडीला, 1972 च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. सांगली जिल्ह्याला अशा दोन बाजू आहेत. एकीकडं नदी अंगणात येते, दुसरीकडं हंड्याभर पाण्यासाठी बायका कोसभर चालायच्या. नदीकाठच्या मुली माळावर देऊ नयेत असं म्हणतात, पण आजोबांना मुलगा निर्व्यसनी वाटला, आणि तो तसा निघालाही. आत्ती दिवाळीला आणि पंचमीला यायची. थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, मुराळी म्हणून तिला आणायला जायचे. विट्यात एसटी बदलून भिवघाटावरून आटपाडी. येताना आत्तीच्या पिशवीत बाजरी असायची, नंतरच्या वर्षांत डाळिंबं. आल्याआल्या ती आधी नदीवर जायची. पाण्यात पाय सोडून बसायची आणि आजीनं दोन हाका मारल्याशिवाय उठायची नाही.

जमीन साडेपाच एकर. आजोबा खंडानं करत होते ती कुळकायद्यात त्यांच्या नावावर झाली. 1996 साली आजोबा गेले, वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर पाच नावं चढली. आजी, तीन मुलगे आणि आत्ती. आत्तीचं नाव चढलं म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मुलीचं नाव लागतं आणि पुढं सवडीनं कमी होतं, अशीच रीत होती. मग 2005 च्या सप्टेंबरात वारसा कायद्यातली दुरुस्ती आली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क. आमच्या जमिनीपुरतं बोलायचं तर आत्ती जुन्या 1956 च्या कायद्यानंही बरोबरीची वारस होतीच. पण पारावर कलम कोण वाचतो? ‘आता पोरी जमिनी मागणार’ एवढंच गावात पसरलं आणि आमच्या घरातली सवड संपली.

2006 च्या उन्हाळ्यात आत्तीला बोलावून घेतलं. साडेपाच एकरात पाचवा हिस्सा म्हणजे एक एकर चार गुंठे. ती भावांना म्हणाली, "मला काय करायचीय जमीन? माझं म्हायेर तेवढं ऱ्हाऊ द्या."

दस्त वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होते, घरात शिकलेली म्हणून गणलेली. तालुक्याच्या निबंधक कार्यालयाबाहेर लिंबाखालच्या बाकावर बसून मी हक्कसोडपत्र आत्तीला वाचून दाखवलं. मुद्रांक दोनशे रुपयांचा. (2024 पासून तो पाचशेचा झालाय.) ‘भावांवरील प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने.’ आत्ती म्हणाली, "ते प्रेमाचं काय लिवलंय, परत वाच." मी परत वाचलं. लहानपणी तिची ओळ आजीला दोनदा वाचून दाखवायचे तशीच. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. आत तिचा अंगठा घेतला, फोटो काढला. कॅमेऱ्यापुढं तिनं पदर नीट डोक्यावर ओढून घेतला आणि लग्नातल्या फोटोत हसावं तशी हसली. सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस पडला.

मी एक वाक्य बोलले असते तर? ‘आत्ती, नाव राहू दे, जमीन भाऊच कसू देत’ एवढंच. मला ते सुचलं होतं. वडील समोर उभे होते म्हणून मी गप्प राहिले. त्यांना मी घरातली शहाणी मुलगी वाटत होते आणि मला ते टिकवायचं होतं.

पहिल्या दिवाळीला दादा मुराळी गेले. भारीतली साडी झाली, पुरणपोळीचं जेवण झालं. दुसऱ्या दिवाळीला फोन गेला की तूच ये, गाडी मोकळी नाही. तिसऱ्या वर्षी ऊसतोडीची गडबड होती. चौथ्या वर्षी कुणी काही म्हणालंच नाही. लोक म्हणतात जमीन मिळाली आणि भाऊ फिरले. माझ्या वडिलांना मी जवळून पाहिलंय, ते फिरले नव्हते. आत्तीचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जायचे. आपण बहिणीचं घेतलं हे त्यांना कळत होतं आणि तिच्यासमोर बसलं की ते जास्त कळायचं, म्हणून बसणंच टाळलं. अशी शरम मी पुढं पुष्कळ घरांत पाहिली. जिचं घेतलं तिच्यासमोर ताट वाढून बसायला फार मोठं मन लागतं, आणि तेवढं मोठं मन असतं तर मुळात घेतलंच नसतं.

हे सगळं एकट्या भावांच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आजीचंही सांगायला हवं. तिच्याकडं पुतळ्यांची माळ होती, पंधरा पुतळ्या. शेवटच्या वर्षांत ती तिघांकडं आळीपाळीनं राहायची. माझ्या आईला तिनं एकदा एकटीला गाठून सांगितलं, "माळ तुझी हाय बरं का, कुणाला सांगू नगंस." आईनं सांगितलं नाही. आजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की तिनं तिन्ही सुनांना हेच, अशाच शब्दांत सांगितलं होतं. तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग सासूवर संतापल्या. मलाही राग आला होता. आता मी त्या म्हातारीच्या वयाकडं निघाले आहे, तर ती मला दिसते. रात्री कूस बदलायला कुणीतरी यावं, भाकरी दुधात नीट कुस्करून द्यावी, म्हणून तिच्याकडं देण्यासारखं काय उरलं होतं? एक माळ. तिनं ती तिघींत फिरवली. सुनांनीही सेवा केली, खरी केली. त्यात माळ किती होती आणि माया किती, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. शेवटी माळ तोडून पाच-पाच पुतळ्या वाटून घेतल्या. आईच्या वाटणीच्या पाच पुतळ्या कपाटात आहेत, सोनाराच्या गुलाबी कागदात. पाच पुतळ्यांची माळ होत नाही.

2010 मध्ये वाटणी झाली. तिन्ही भावांना एक एकर तेहतीस-तेहतीस गुंठे. रस्त्याकडेचा अकरा गुंठ्यांचा तुकडा सगळ्यांना हवा होता, कारण रस्ता रुंद व्हायचा होता आणि ‘फ्रंटेज’ हा शब्द नुकताच गावात आला होता. दादा म्हणाले, तो मला द्या, त्याच्या बदल्यात मी नदीकडं दोन गुंठे जास्त सोडतो. माझे वडील म्हणाले, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत तुकडा वडिलांना आला.

दादांना सातवीतून काढून नांगरामागं घातलं होतं, पाठच्यानं म्हणजे माझ्या वडिलांनी, नानांनी शिकावं म्हणून. वडील शिकले, मास्तर झाले, फंड-पेन्शन मिळवलं. दादांनी चाळीस वर्षं हळद शिजवली. कढईच्या वाफेनं त्यांच्या हाताची कातडी कायमची पिवळट झाली होती. त्या दिवशी ते चिठ्ठीकडं बघून म्हणाले, "नाना शिकला, मी राबलो. त्येचं काय?" पंचांनी ते जमिनीचं बोलणं समजून मोबदल्याची गोष्ट काढली. तीन हजार, पाच हजार. दादा उठून गेले. ते आठ वर्षं आमच्या दारात आले नाहीत. माझ्या वडिलांनी त्या बैठकीत, ‘दादा, तुझ्यामुळं शिकलो’ असं म्हटलं असतं तर अकरा गुंठे कुठंही गेले असते तरी चाललं असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगते. वडिलांना ते माहीत होतं. ते म्हटलं असतं तर तुकडा सोडावा लागला असता, असं त्यांना वाटलं असावं.

सांगली हे गावच वाटणीतनं मोठं झालंय. 1801 साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेत चुलते गंगाधररावांशी पटेना म्हणून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या सांगलीला आपली राजधानी केली. त्याआधी 1731 मध्ये शाहू महाराज आणि करवीरकर संभाजी महाराज या दोन चुलतभावांत तह होऊन वारणेच्या उत्तरेला सातारा आणि दक्षिणेला कोल्हापूर असं ठरलं. दोघेही शिवरायांचे नातू. शाळेत हे शिकताना मला वाटायचं, नदीच मध्ये घातली म्हणजे बांधाचं भांडण मिटलं. आमच्याकडं बांधावर दगड रोवले तेव्हा मोजणीवाल्याच्या साखळीकडं बघत मी हाच विचार करत होते. जमीन मोजता येते आणि मोजली की एकदाची संपते. दादांना जे हवं होतं त्याचा गट नंबर नव्हता.

मापट्याचं राहिलं.

जमीन, घर, विहिरीच्या पाळ्या सगळं एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी भांडी काढली. त्या दिवशी आत्ती आली होती, कुणी न बोलावता. आईच्या घरातली भांडी निघणार हे तिला कुणीतरी कळवलं असणार. ती जोत्यावर बसून होती. हंडे, कळश्या, परात, पितळी डबे यांचे तीन ढीग होत होते. एका बाजूला मापं पडली होती. चिपटं, मापटं, शेर, पायली. यातलं मापटं पितळेचं, एका अंगाला चेपलेलं. आजी पोरांना शेंगा द्यायची त्या मापट्यानं. आत्ती उठली, ते हातात घेतलं आणि म्हणाली, "एवढं मी नेते."

कुणी काही बोलेना. मग धाकटी चुलती म्हणाली, "आक्का, माप म्हंजे घरातली लक्ष्मी. ती भाईर द्येत न्हाईत."

भाईर. आत्तीनं मापटं खाली ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी ठेवलं. साडेपाच एकराच्या वाटणीत कुणाचा आवाज चढला नव्हता, पण आता मापटं कुणाकडं जावं यावर तीन घरांत दुपारपर्यंत वाद चालला, कारण ते आत्तीला हवं होतं हे सगळ्यांना कळलं होतं. शेवटी ते धाकट्या चुलत्यांकडं, तात्यांकडं गेलं. आत्ती चारच्या गाडीनं परतली. जेवली की नाही मला आठवत नाही. मी तिथंच होते आणि तेव्हाही गप्प होते.

2019 च्या ऑगस्टात महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं जुनं घर छपरापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला तिन्ही घरं एकत्र आली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. दादा आणि वडील एकच घमेलं दोन्ही बाजूंनी धरून उचलत होते. आजीच्या ट्रंकेत आत्तीची पत्रं निघाली, लगदा झालेली. एका पत्राच्या तळाशी बॉलपेननं दाबून लिहिलेल्या तीन अक्षरांचे वळ तेवढे लागत होते. ‘लोभ अ’. तिथून पुढं कागद नव्हता.

2022 मध्ये वडील गेले. खांदा द्यायला दादा पुढं होते. आता वडिलांच्या जमिनीवर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं आहेत. मध्यंतरी भावानं व्हॉट्सॲपवर एक मसुदा पाठवला. हक्कसोडपत्राचा. वाक्यं तीच, प्रेम व आपुलकीपोटी. खाली लिहिलं होतं, ताई, सवडीनं बघ.

माझा भाऊ वाईट नाही. आईचं औषधपाणी तो करतो. आडसाली ऊस लावून दीड-दीड वर्ष वाट बघतो, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करतो. माझ्या नावानं त्याचं पीककर्ज अडतं, प्रत्येक वेळी माझी संमती लागते. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की मसुदा आला त्या रात्री मी रस्त्याकडेच्या गुंठ्याचा आजचा दर विचारून घेतला आणि मोबाइलवर माझ्या चोवीस गुंठ्यांचा गुणाकार केला. आकडा बघून मला धडधडलं. मला पैशाची अडचण नाही, तरी धडधडलं. मग आठवलं की लहानपणी भावाला सायकल घेतली तेव्हा मला ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं होतं आणि ते पुढचं वर्ष आलंच नाही. आकड्याच्या शेजारी ती सायकल उभी राहिली. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे आठवावं, याचं मला वाईट वाटलं. पण आठवलं ते खरं.

मी सही केलेली नाही. भावाला सांगितलं, ऊस तूच कर, उत्पन्नातला रुपया नको, संमतीला कधीही बोलव, मी अर्ध्या तासात येते. नाव राहू दे. तो म्हणाला, "म्हणजे विश्वास नाही." मी म्हटलं, आत्तीनं विश्वास ठेवला होता. त्यानं फोन ठेवला. या भाऊबीजेला तो आला, पण उशिरा, आणि पाटावर बसून ताटाकडंच बघत राहिला. मी ओवाळलं. आमच्यात काय शिल्लक आहे ते पुढं कळेल. निदान ते कशाच्या बदल्यात नाही, एवढं मला समजून घ्यायचं आहे. आणि त्याची भीती वाटते, हे लपवत नाही.

गेल्या महिन्यात तात्यांकडं गेले होते. गोठ्यात मापटं दिसलं, सरकी पेंडीच्या पोत्यात खुपसलेलं. मी म्हटलं, "तात्या, हे मी आत्तीला नेऊन देते." त्यांनी ते काढलं, खांद्यावरच्या टॉवेलानं आतून-बाहेरून पुसलं, परत पुसलं. "आक्काला म्हणावं," असं म्हणाले आणि पुढचं त्यांना जमेना. चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवून त्यांनी ते माझ्या पिशवीत ठेवलं.

आटपाडीला आता पाणी आलंय. टेंभू योजनेनं कऱ्हाडजवळ कृष्णा उचलून टप्प्याटप्प्यानं या माळावर आणली आहे. आत्तीच्या दारावरून चारी जाते. ती पंचाहत्तरीला आली आहे. मला घेऊन ती आधी चारीच्या कडेला गेली, पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "म्हायेरचं पाणी हाय."

मी मापटं काढून दिलं. तिनं विचारलं नाही कुणी दिलं, कसं दिलं. नाकापाशी नेऊन वास घेतला. पेंडीचा वास येत होता. निघताना तिनं बाजरीचं पोतं सोडलं, माझी पिशवी उघडून धरायला सांगितली आणि मापटं बुडवून शिगोशीग भरून वर काढलं. मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.

"लाभ," आत्ती म्हणाली आणि बाजरी पिशवीत ओतली. मग परत वाकली. "दोन."